हवेची लाइन: कोणता पाइप, किती इंची आणि पाणी कुठे काढायचं

घरामागच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये छोटा कॉम्प्रेसर बसवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं १ ते ३ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आणि ७ ते १० बार दाब धरून दिली आहेत. १ बार म्हणजे साधारण १ किलो किंवा १४.५ पीएसआय.

प्रश्न : १० बाय २० फुटांच्या शेडमध्ये दुचाकी दुरुस्तीचं काम करतो. कॉम्प्रेसर २ एचपीचा, टाकी १०० लिटरची. प्लंबर म्हणतो, सीपीव्हीसी टाका, २८ किलोपर्यंत चालतो आणि स्वस्त पडतो. आमचा कॉम्प्रेसर ८ किलोला बंद होतो. मग अडचण काय? (वाचक, कोल्हापूर)

सीपीव्हीसी टाकू नका. साधा पीव्हीसीही नको.

प्लंबर सांगतो तो २८ किलोचा आकडा खोटा नाही. एसडीआर ११ च्या (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेल्या) सीपीव्हीसी पाइपची साधारण २३ ते २७ अंश तापमानाला पाण्यासाठी तेवढी क्षमता असते. पण तो आकडा पाण्याचा आहे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप तडकला की थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच उतरतो. ७ बारची हवा मोकळी होताना आठपट फुगते आणि फुटलेले तुकडे ढकलतच राहते. १०० लिटरच्या टाकीत ७ बारला सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक टनाची मोटार १० मीटर उंचीवरून सोडली तर खाली पोचताना जवळपास एवढीच ऊर्जा तिच्यात असते. लाइन फुटली की ही सगळी टाकी त्या भोकातून रिकामी होते. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी फुटताना चिरत नाहीत, त्यांच्या धारदार कपच्या उडतात.

दुसरं कारण उष्णता. ४३ अंशांला पीव्हीसीची क्षमता निम्म्यावर येते आणि ६० अंशांला जेमतेम पाचवा हिस्सा उरते. सीपीव्हीसी याबाबतीत बरा असला तरी ८२ अंशांला २८ चे ७ किलोच उरतात. मे महिन्यात पत्र्याला लागून गेलेला पाइप किती तापतो ते हात लावून पाहा. त्यात कॉम्प्रेसरमधून येणारी हवा आधीच गरम असते. तिसरं कारण तेल. पिस्टन कॉम्प्रेसरमधून तेलाचे बारीक थेंब लाइनमध्ये जातातच आणि काही सिंथेटिक तेलांमुळे सीपीव्हीसीला आतून तडे जातात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ‘आमच्याकडे तीन वर्षं चाललाय’ हा पुरावा धरू नका. एखादा पाना आपटला, थोडा ताण आला की तोच पाइप चौथ्या वर्षी फुटतो.

अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेने जमिनीवरच्या उघड्या लाइनमध्ये हवेसाठी पीव्हीसी वापरू नये असा इशारा १९८८ मध्येच दिला होता. तुमच्याकडे अशी लाइन आधीच असेल तर ती बंद करा. नवी होईपर्यंत टाकीला थेट रबरी होज लावून काम चालवा.

प्रश्न : मग नेमका कोणता पाइप घ्यावा? दुकानात जीआय, कॉम्पोझिट, पीपीआर, तांबं, निळा ॲल्युमिनियम असं सगळं दाखवतात. (वाचक, चिंचवड)

हाताशी चांगला प्लंबर असेल आणि लाइन एका जागी कायम राहणार असेल, तर आमची पहिली पसंती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. त्यातला मीडियम, म्हणजे निळ्या पट्ट्याचा ‘बी’ क्लास घ्या. पिवळा पट्टा ‘ए’ म्हणजे लाइट, लाल ‘सी’ म्हणजे हेवी. आयएस १२३९ चा शिक्का आणि पट्टा दोन्ही बघून घ्या. ‘ए’ क्लासची भिंत पातळ असते आणि आटे पाडल्यावर तिथे फारच कमी धातू उरतो. पहिल्यांदा गंजून गळतं ते तिथेच. जीआय ताकदीला निश्चिंत आहे, कुठल्याही गावात मिळतं आणि धातूचं असल्यामुळे हवेला थंड करतं. हा थंड करण्याचा फायदा फार मोठा आहे, तो पुढे पाण्याच्या प्रश्नात येईल. तोटा असा की ओल्या हवेत काही वर्षांनी आतून गंज आणि जस्ताची पूड सुटू लागते. त्यामुळे प्रत्येक आउटलेटला ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच.

आटे पाडल्यावर आतली कड रीमरने साफ करा. पाइप उभा धरून हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोका, म्हणजे कीस आणि कटिंग ऑइल खाली पडेल. प्लंबर सवयीने सुतळी आणि सफेदा लावतो. हवेच्या लाइनमध्ये सुतळी वाळून आकसते आणि सहा महिन्यांत जोड सुसू करू लागतो. टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे आट्यांच्या दिशेने द्या आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे धागे तुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. थ्रेड सीलंट मिळाला तर तो आणखी चांगला.

कॉम्पोझिट, म्हणजे आत-बाहेर प्लास्टिक आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप, घरच्या माणसाला एकट्याने बसवता येतो. हाताने वाकतो आणि जोड कमी लागतात. आकार १२१६, १६२० असे सांगतात: आतला व्यास १२, बाहेरचा १६. घ्यायचा तर १६२० घ्या. हा पाइप फुटला तर तुकडे उडत नाहीत. दोन गोष्टी मात्र तपासा. कंपनीच्या पत्रकात हवेसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं, दाब आणि तापमानासकट. आणि फिटिंगमधली ओ-रिंग कोणती ते विचारा. पाण्याच्या फिटिंगमध्ये बहुधा ईपीडीएम रबराची रिंग असते आणि खनिज तेल लागलं की ती फुगून मऊ पडते. हवेसाठी नायट्राइल रिंग मागून घ्या. कॉम्पोझिटची लाइन गळायला लागते तेव्हा पाइप बहुतेक ठणठणीत असतो, गेलेली असते ती रिंग.

तांबं उत्तम, पण महाग. एसीचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे ५/८ इंची तांब्याच्या नळीची गुंडाळी मिळते. ती एसीत ७ बारच्या कितीतरी वरचा दाब सोसते आणि तोच मेकॅनिक ब्रेझिंग करून देतो. शिशाच्या साध्या डाखावर थांबू नका, ब्रेझिंगच करून घ्या. निळ्या ॲल्युमिनियमच्या मॉड्युलर लाइनला नावं ठेवायला जागा नाही: हलकी, आतून गुळगुळीत, गंजत नाही, उद्या शेड बदलली तर उचलून नेता येते. छोट्या कामाला फिटिंगची किंमत तेवढी जड जाते.

पीपीआरबद्दल (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा पाइप) बरेच जण विचारतात. तो पीव्हीसीसारखा कपच्या उडवत फुटत नाही हे खरं, पण गरम झाला की हळूहळू ढिला पडतो. पत्रकात हवेचा उल्लेख असेल तरच घ्या, आणि कॉम्प्रेसरजवळ किंवा पत्र्याखाली लावू नका.

कोणताही पाइप घेतलात तरी भिंतीत गाडू नका. गळती सापडत नाही आणि जीआय बाहेरूनही गंजतं.

प्रश्न : कॉम्प्रेसर ३ एचपीचा, अर्धा इंची जीआयची १५ मीटर लाइन आहे. टाकीवर ७ बार दिसतात, पण इम्पॅक्ट रेंचमध्ये जोर नाही. फिटर म्हणतो, सगळी लाइन उखडून एक इंची टाका. (वाचक, नाशिक)

थांबा, लाइन उखडू नका. दोष बहुधा लाइनमध्ये नाही.

हिशेब करून पाहू. अर्धा इंची मीडियम जीआयचा आतला व्यास साधारण १६ मिमी. त्यातून १० सीएफएम (मिनिटाला १० घनफूट) हवा ७ बारला २० मीटर नेली तर दाब घटतो सुमारे ०.०२ बार. हवा दुप्पट, म्हणजे २० सीएफएम घेतली तरी घट ०.०७ बारच्या आसपास. गेजचा काटा हलणारसुद्धा नाही. आता शेवटची १० मीटर होज घ्या. आतून ८ मिमी असेल तर १० सीएफएमला ०.३ बार जातात आणि २० सीएफएमला १ बारहून जास्त. आतून ६ मिमी असेल तर १० सीएफएमलाच १.३ बार गेले. दाबातली घट व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणून दोन मिमीचा फरक चारपट होऊन बसतो.

त्यात पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) ट्यूब बाहेरच्या व्यासाने विकतात. ‘८ एमएम’ म्हणून आणलेली स्प्रिंगसारखी गुंडाळीची ट्यूब आतून ५ मिमीचीच असते, आणि वेटोळी सरळ केली तर लांबी वाटते त्याहून बरीच भरते. टायरमध्ये हवा भरायला, ब्लो गनला ती ठीक. इम्पॅक्टला नाही. इम्पॅक्ट आणि सँडरसाठी आतून १० मिमी रबरी होज घ्या आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा. २० सीएफएमलाही १० मीटरमध्ये घट ०.३५ बारच्या आसपास राहते. सोबत क्विक कपलर तपासा. त्याच्या भोकात ड्रिल बिटची मागची बाजू घालून व्यास मोजा. होज १० मिमीची आणि कपलर ५ मिमीचा असेल तर होजचे पैसे वाया.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. एक टी आणि गेज घेऊन हत्याराच्या अगदी तोंडाशी लावा, ट्रिगर दाबून ठेवा आणि चालू असताना वाचा. बंद असताना सगळीकडे ७ च दिसणार, त्याचा उपयोग नाही. मग तेच होजच्या आधी लावून वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे होज आणि कपलरने खाल्लेला दाब. टाकीवरचा काटाही त्याच वेळी भराभर खाली येत असेल तर कॉम्प्रेसरच कमी पडतोय, आणि त्यावर कोणताही पाइप इलाज नाही. २ एचपीचा एकेरी टप्प्याचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात ५-६ सीएफएम हवा देतो. ६ इंची सँडर सलग चालवला तर त्याच्या दुपटीहून जास्त मागतो.

जाड पाइप म्हणजे जादा टाकी, असंही सांगतात. अर्धा इंची २० मीटर लाइनमध्ये ४ लिटर हवा मावते, एक इंचीत साडेअकरा. १०० लिटरच्या टाकीपुढे हा फरक काही नाही. ३ एचपीपर्यंत अर्धा इंच पुरतो. पुढे मोठा कॉम्प्रेसर घ्यायचं नक्की असेल तर पाऊण इंची टाका, एक इंचीची गरज नाही. वाचलेले पैसे चांगल्या होजवर खर्च करा.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रे गनमधून पाण्याचे शिंतोडे येऊन रंगाला डाग पडतात. टाकीच्या तोंडालाच फिल्टर-रेग्युलेटर बसवला आहे, त्यात पाणी फारसं जमत नाही. फिल्टर बदलू का? (वाचक, चिपळूण)

फिल्टर चांगला असेल, त्याची जागा चुकली आहे.

जुलैत कोकणात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असतं. ७ बारला दाबल्यावर ती हवा आठव्या हिश्श्यात बसते, आणि पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली की तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम बाष्प मावतं. उरलेल्या २२ ग्रॅमचं पाणी होतं. २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला १७० लिटर हवा देतो असं धरा, म्हणजे तासाभराच्या हवेत जवळपास पाव लिटर पाणी. हेच गणित विदर्भात मे महिन्यात, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला केलं तर घनमीटरमागे ४ ग्रॅमच निघतात. त्यामुळे नागपूरच्या मित्राची लाइन कोरडी असते आणि तीच मांडणी चिपळुणात ठिबकते.

फिल्टर फक्त थेंब पकडतो, बाष्प त्याच्यातून सरळ पुढे जातं. टाकीच्या तोंडाशी हवा अजून गरम असते, पाणी बाष्परूपात असतं. पुढे पाइपमध्ये हवा निवते, तिथे पाणी होतं, आणि तिथून गनपर्यंत त्याला अडवायला कुणी नाही. म्हणून आधी हवा निवू द्या, मग पाणी काढा, मग फिल्टर.

मांडणी अशी करा. टाकीच्या बॉल व्हॉल्व्हनंतर लवचीक होजचा तुकडा देऊन पाइप सरळ वर चढवा आणि मुख्य लाइन साधारण ८ फुटांवरून भिंतीलगत फिरवा. तिला कॉम्प्रेसरपासून दूर जाताना मीटरला १ सेंटीमीटर उतार द्या. १५ मीटरला १५ सेंटीमीटर होतात. दोरी लावून आधी भिंतीवर रेघ मारा, नजरेने उतार साधत नाही आणि मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं. अर्धा इंची जीआयला दर २ मीटरवर क्लॅम्प, कॉम्पोझिटला दर मीटरला. खाली उतरणारी प्रत्येक फांदी मुख्य लाइनच्या वरच्या बाजूने काढा: टीचं तोंड वर, एक निप्पल, दोन एल्बोने वळवून मग खाली. पाणी पाइपच्या तळाने वाहतं, ते फांदीत शिरत नाही. खाली ४ फुटांवर टी लावून आडवा आउटलेट घ्या, आणि त्याच्याखाली २० सेंटीमीटरचा तुकडा आणि बॉल व्हॉल्व्ह. चुकून आलेलं पाणी त्या तुकड्यात जमेल. मुख्य लाइनचं शेवटचं टोकही असंच खाली आणून ड्रेन द्या. गनचा आउटलेट कॉम्प्रेसरपासून सगळ्यात लांबचा ठेवा, किमान ८-१० मीटर पाइप मध्ये जाईल असा. फिल्टर-रेग्युलेटर तिथे.

६ बाय साडेतीन मीटरच्या शेडला तीन भिंती फिरून साडेपंधरा मीटर मुख्य लाइन, चढ, तीन फांद्या आणि शेवटचा ड्रेन मिळून २३ मीटर पाइप लागतो. ६ मीटरचे चार पाइप जेमतेम पुरतात, कापाकापीत तुकडे वाया जातात म्हणून पाच आणा. सोबत टी ६, एल्बो १०, बॉल व्हॉल्व्ह ८, फांद्यांसाठी आखूड निप्पल ६ आणि युनियन ४. प्रत्येक फांदीला एक युनियन आणि चौथी टाकीजवळ. युनियन वाचवली तर एका गळक्या जोडासाठी अर्धी लाइन सोडावी लागते.

रेग्युलेटर शेवटी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. ७ बारची ओली हवा तिथे २ बारवर उतरली की तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून ३७-३८ वर येते. गनच्या होजमध्ये मग पाणी सुटत नाही. टाकीपाशीच दाब उतरवला तर लाइनमध्ये पाणी कमी निघतं आणि बाष्प तसंच पुढे जातं.

गाडीच्या रंगासाठी एवढंही ऐन पावसाळ्यात अपुरं पडतं. तेव्हा फिल्टरनंतर सिलिका जेलचा ड्रायर लावा. फिल्टरच्या आधी लावू नका, थेंब पडले की जेल तासाभरात संपतं. रंगाच्या फांदीवर ऑइलर (हवेत तेल सोडणारी बाटली) कधीही नको. फिल्टरचा पारदर्शक वाडगा पॉलिकार्बोनेटचा असतो, तो थिनरच्या बोळ्याने पुसू नका. त्याला तडे जाऊन तो दाबाखाली फुटतो. साबणाचं पाणी वापरा आणि वाडग्यावर धातूचं कवच असलेला फिल्टर घ्या.

टाकीचा ड्रेन पावसाळ्यात रोज उघडायचा.

प्रश्न : सगळी लाइनच १२ मिमी पीयू ट्यूबने केली तर? पुश फिटिंगने अर्ध्या तासात होईल. (वाचक, मडगाव)

तात्पुरत्या, छोट्या जागेसाठी चालेल. १२ मिमी ट्यूब आतून ८ मिमी असते, म्हणजे वरच्या हिशेबाने १० मीटरला १० सीएफएमवर ०.३ बार. बहुतेक ट्यूब २० अंशांना १० बारची असते आणि तापली की क्षमता झपाट्याने उतरते, म्हणून कॉम्प्रेसरपासूनचे पहिले काही मीटर पीयू नको. ग्राइंडिंगच्या ठिणग्या पडतात तिथेही नको. ट्यूब कटरने काटकोनात कापा. कात्रीने तिरपी कापलेली ट्यूब पुश फिटिंगमध्ये गळतेच.

प्रश्न : टाकीपासून निघालेला पहिला जोड दर दोन महिन्यांनी गळतो. (वाचक, सातारा)

कॉम्प्रेसर थरथरतो आणि कडक पाइप भिंतीला जखडलेला आहे, त्यामुळे सगळा हादरा त्या एका आट्यावर येतो. टाकीवर बॉल व्हॉल्व्ह, त्यानंतर अर्धा ते एक मीटर रबरी किंवा स्टीलची जाळी असलेली लवचीक होज, मग पाइप. होजला किंचित बाक राहू द्या. कॉम्प्रेसरच्या पायांखाली रबर घाला. पंप आणि टाकी यांच्यामध्ये, किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या आड, कोणताही व्हॉल्व्ह बसवू नका.

प्रश्न : काम नसतानाही कॉम्प्रेसर अधूनमधून सुरू होतो. किती गळती चालून जाते? नवी लाइन आधी तपासायची कशी? (वाचक, अहिल्यानगर)

टाकी ७ बारला भरा, कॉम्प्रेसर बंद करा, सगळी हत्यारं काढा आणि ७ वरून ६ वर यायला किती वेळ लागतो ते पाहा. १०० लिटरच्या टाकीला १० मिनिटं लागली तर गळती मिनिटाला १० लिटर. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तेच पुन्हा करा. आता दाब टिकला तर दोष लाइनमध्ये. तरीही उतरला तर टाकीचा ड्रेन, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच बघा. ७ बारला १ मिमीचं एक भोक मिनिटाला सुमारे ६० लिटर घालवतं, म्हणजे २ एचपी कॉम्प्रेसरची एक तृतीयांश हवा. साबणाचं पाणी ब्रशने लावून जोड तपासा, आणि सुरुवात क्विक कपलरपासून करा. ऑनलाइन मागवलेला रेग्युलेटर गळत असेल तर त्याचे आटे बघा. पाव इंचीला आपल्याकडच्या बीएसपीत इंचाला १९ आटे असतात, अमेरिकी एनपीटीत १८. दोन-तीन फेरे बसतात, नंतर कितीही टेप लावली तरी गळतं.

नवी लाइन आधी पाण्याने तपासा. टाकीपासून सोडवा, फिल्टर आणि रेग्युलेटर काढून प्लग लावा, वरच्या टोकाने हवा पूर्ण निघू देत पाणी भरा आणि प्लंबरच्या हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. ८ बारच्या लाइनला १२ बार. अर्धा तास काटा हलता कामा नये. जोड कच्चा असेल तर पाण्यात नुसता ठिबकतो, हवेत निसटून अंगावर येतो. नंतर पाणी काढा, लाइन जोडा, २ बारला हवा सोडून साबणाने बघा, मग ७ वर न्या. सगळे ड्रेन एकेक करून पूर्ण उघडा, कीस आणि तेल बाहेर जाऊ द्या. त्यानंतर फिल्टर बसवा, आणि स्प्रे गन जोडण्याआधी होज पांढऱ्या कापडावर मिनिटभर फुंकून डाग पडतो का ते पाहा.